थेरॉनच्या नावावर

शिकागोच्या दक्षिण भागात, आपल्या काळ्यांच्या वस्तीत, ओझेलाला ओळखत नाही असा माणूस सापडायचा नाही. तोंडाची तिखट, पण हाताची सढळ. नवरा होझिया कत्तलखान्यात कामाला, ती घरोघरचे कपडे धुणारी. एका खोलीत संसार, आणि सामाईक चुलीवरून चार बिऱ्हाडांशी रोजची कटकट. स्वतःचं स्वयंपाकघर हवं, एवढा एकच ध्यास तिने घेतला होता.

धाकटा भाऊ थेरॉन रंगाने इतका उजळ, की गोऱ्यांत गोरा म्हणून खपून गेला. अशा माणसाला आपल्यातलं कुणी उघडं पाडत नाही. रस्त्यात दिसला तर ओझेला ओळख न दाखवता दुकानाच्या काचेत बघत उभी राही. चर्चमध्ये दरवर्षी देवाघरी गेलेल्यांची नावं पुकारतात, तेव्हा ती खुशाल त्याचंही नाव घ्यायची आणि घरी येऊन पोट धरून हसायची. "मेल्याला यंदाही पुरून आले!"

स्वतंत्र स्वयंपाकघराची घरं गोऱ्यांच्याच वस्तीत, आणि काळ्यांना तिथे घर कोण देणार? थेरॉनच म्हणाला, "ताई, माझ्या नावावर घेऊ, मग तुझ्या नावावर करून देतो." होझिया कुरकुरला. "माझ्या भावावर संशय घेता?" म्हणत तिने त्याला गप्प केलं आणि दोघांची जन्माची पुंजी भावाच्या हातात ठेवली.

घर झालं, पण किल्ली येईना, थेरॉनही फिरकेना. शेवटी एका सकाळी आईची बिडाची कढई काखेत मारून ओझेला तिथे जाऊन धडकली. दार थेरॉनने उघडलं. आत पडदे लागलेले, कांदा परतल्याचा वास. मागून एक गोरी बाई आली, त्याची बायको. "कोण आहे हो?"

"धुणंवाली," थेरॉन म्हणाला. "काम मागायला आलीय."

ओझेलाच्या तोंडातून एक शब्द निघता, तर सगळा खेळ तिथेच संपला असता. पण ताई बोलणार नाही, हे त्या हरामखोराला पक्कं ठाऊक होतं. त्याच भरवशावर त्याने तिला लुटलं.

"काय गं, सोमवारी येशील?" बाईने विचारलं.

"नाही बाई. मी एकाच पोराची लंगोटं मायेने धुतली. तेवढी चूक पुरे झाली."

आधीच गोरा तो, पार पांढराफटक पडला. बाईला काहीच कळलं नाही. ओझेला कढई घेऊन माघारी फिरली.

"सांगून का नाही टाकलंस?" घरी होझिया ओरडला.

"आणि गोऱ्यांनी त्याला जिवंत सोडलं असतं? आईला वर जाऊन काय तोंड दाखवू?"

होझियाने तिच्या काखेतली कढई काढून घेतली आणि सामाईक चुलीवर ठेवली.

त्या वर्षी चर्चमध्ये नावं पुकारायची वेळ आली. ओझेला उठली, "थेरॉन" म्हणाली आणि हमसून हमसून रडायला लागली. शेजारच्या लूला मावशी पंख्याने वारा घालू लागल्या. "अगं, इतकी वर्षं झाली त्याला जाऊन, आज कसं एवढं भरून आलं?"

"आत्ताच गेला, मावशी," ओझेला म्हणाली.