सरूच्या पाठीतले पाणी

परवा पणतूच्या दंडावर स्पिरिटचा बोळा फिरला आणि त्या वासाने मला थेट नंदुरबारच्या जुन्या दवाखान्यात नेऊन उभे केले. आमच्या कळसाडीत आजही सांगतात, की मी अंगात आलेल्या देवीला सुई टोचवली, म्हणून माझी बायको सरू गेली. हे साफ खोटे आहे.

सरूला कित्येक दिवस ताप होता. डोके असह्य दुखे. पुढे तिची मान ताठ होऊन मागे ओढली गेली, आणि गावाने तिला हळदकुंकू वाहून पुढ्यात नारळ फोडायला सुरुवात केली. मी गाडी जुंपली, तेव्हा काकू आडवी आली.

"देवीले दवाखानामा लई जाई ऱ्हायना का रे?"

"देवी नही, काकू. मन्ही बायको शे ती."

डॉक्टरांनी तिच्या कण्यात सुई घालून पाणी काढले आणि काचेच्या नळीत ठेवले. सकाळी त्या नितळ पाण्यात कोळिष्टकासारखा नाजूक पडदा तरंगत होता. "मेंदूच्या आवरणाचा क्षय," ते हळूच म्हणाले. "यावर औषध नाही." त्या काळी ते निघालेच नव्हते. सुईने रोग आणला नाही, दाखवला.

आठवड्याच्या आत सरू गेली. पण पाणी काढले त्या संध्याकाळी काय घडले, ते गाव सांगत नाही. तिने डोळे उघडले. "डोकं हलकं वाटी ऱ्हायनं," म्हणाली, आणि मग विचारले, "बैलेसले पानी पाजं का?"

बैलांची तहान कोणत्याही देवीला आठवत नाही. ती माझ्या सरूला आठवली. त्या एका प्रश्नासाठी मी आजही गाडी जुंपीन.