वायर काढलेला स्पीकर

भुताखेताचं मी कधी मनावर घेतलं नाही. आमच्या गावाकडं, म्हणजे कोल्हापूर जिल्ह्यात आजऱ्याजवळ, पाणंदीतल्या एका झाडाबद्दल लोक काय काय सांगायचे. मी त्याच वाटेनं एकटा घरी यायचो, कधी काही दिसलं नाही. या ग्रुपवर सगळ्यांचे अनुभव वाचत असतो, लिहितोय मात्र पहिल्यांदा. नववीतून शाळा सोडलेला माणूस आहे, शुद्धलेखन सांभाळून घ्या.

अमरावतीत बडनेरा रोडला कार ऑडिओच्या दुकानात मी कामाला आहे. इतक्या लांब कसा आलो ते राहू द्या... आलो तेव्हा ओळखीचं कुणी नव्हतं. दुकानाचे मालक प्रमोदभाऊ, त्यांनी काम शिकवलं, दुकानामागची खोली राहायला दिली. पहिल्या पावसाळ्यात मी तापानं पडलो तर त्यांच्या घरून डबा यायचा. हे मुद्दाम लिहितोय. माझ्या हातचं काम कम्प्लेंट होऊन परत आलं की मी जेवण सोडून त्याच्याच मागं का लागतो, ते त्याशिवाय कळणार नाही. भाऊ रागावत नाहीत. "काय बे कोल्हापूर, तुया स्पीकर रडून राहिला," एवढंच म्हणतात आणि चहा सांगतात. मला त्याचंच जास्त लागतं.

तर तायडेताईंची गाडी. ताई इथल्याच एका कॉलेजच्या लायब्ररीत आहेत. त्यांच्या वडिलांना लकवा मारला होता. हातपाय सावरले, पण वाचा गेली ती आलीच नाही. अकोल्याला एक डॉक्टर मॅडम अशा लोकांना पुन्हा बोलायला शिकवतात, त्यांच्याकडे ताई बाबांना दर आठवड्याला न्यायच्या. वाटेत जुनी गाणी ऐकवत जा, असं त्या मॅडमनीच सांगितलं. म्हणून ताईंनी आमच्याकडून डेक, अॅम्प आणि चार स्पीकर बसवून घेतले. बसवले मी.

थोड्या दिवसांनी ताई परत आल्या. मागच्या डाव्या दारातल्या स्पीकरमधून घूंऽऽ असा आवाज येतो, गाणं बंद केलं तरी येतो. बाबा नेमके त्याच दाराशी बसतात. आवाज सुरू झाला की ते दार बडवायला लागतात. आता तर गाडीत बसायलाच तयार नाहीत, बाहेर दाराला धरून उभे राहतात. त्यामुळं अकोला बंद पडलं होतं.

"डॉक्टर म्हणते, आता खंड पडला तर बोलण्याची आशा सोडा," ताई म्हणाल्या. "आन् हा आवाज तुमीच बसवला न दादा."

मी त्यांच्याकडून गाडीची चावी मागून घेतली.

गाडीतला नको असलेला आवाज शोधायची आमची एक रीत आहे. एकेक वस्तू काढत जायची आणि ऐकत राहायचं. उभ्या गाडीला रेस दिल्यावर आवाज चढला तर ती अल्टरनेटरची, म्हणजे बॅटरी चार्ज करणाऱ्या डायनामोची शिट्टी, मग अर्थिंग बघायचं. दुकानात उभ्या गाडीत काहीच येईना. तरी मी अर्थचा बोल्ट काढला, तिथला रंग घासून पत्रा उघडा केला आणि बोल्ट परत आवळला. बॅटरीची वायर एका बाजूनं नेली, सिग्नलची दुसऱ्या बाजूनं. फिल्टर टाकला आणि ओके म्हणून गाडी दिली. गाडी परत आली. पुन्हा सगळं उघडलं, पुन्हा दिली, पुन्हा आली. तेव्हा भाऊ म्हणाले, दुकानात उभा राहून काय ऐकतो, त्यांच्यासंगं अकोल्याले जाऊन ये.

बाबांना गाडीत बसवायला बराच वेळ गेला. ताई चालवायला, मी मागे बाबांच्या शेजारी, मांडीवर हत्यारांची पिशवी. दिवस कापसाचे होते, रस्त्यावर कापसाच्या गाड्यांची रांग. बडनेरा सोडून गाडीनं वेग घेतला आणि आवाज आला. बाबा दार बडवायला लागले. मी ताईंना डेक बंद करायला सांगितला. आवाज तसाच. कुरूमच्या अलीकडं गाडी बाजूला घ्यायला लावली.

गाडी थांबली, इंजिन बंद झालं, चावी ताईंच्या हातात होती. आवाज थांबला नाही.

मी उतरलो, बॉनेट उघडून बॅटरीची निगेटिव्ह काढली. बाबांच्या बाजूचं दार उघडून स्पीकरची जाळी काढली, स्क्रू काढले, स्पीकर बाहेर ओढला आणि मागची वायर उपटली. आता तो माझ्या हातात होता, कशालाही जोडलेला नव्हता. मधल्या कागदावर बोट ठेवलं. कागद थरथरत होता... घूंऽऽ चालूच होतं, माझ्या हातातून.

ताईंना विचारलं, तुम्हाला ऐकू येतंय का. "येऊन राह्यलं," त्या म्हणाल्या.

बाबांनी दार बडवणं थांबवलं होतं. त्यांनी हात पुढं केला. मी स्पीकर त्यांच्याकडं दिला. त्यांनी तो मांडीवर घेतला, त्याच्यावर पंजा पसरला, डोळे मिटले. आणि म्हणाले,

"मांगचं... बेरिंग."

आवाज बंद झाला.

ताईंनी तीनतीनदा विचारलं, काय म्हणले बाबा, काय म्हणले. त्यांनी फक्त बोटानं खाली मागच्या चाकाकडं दाखवलं.

सायकलच्या वेगानं आम्ही मूर्तिजापूर गाठलं. गॅरेजवाल्यानं मागचं डावं चाक उचलून हलवलं, तर ते लागलं खुळखुळायला. बेरिंग संपलेलं होतं. अशी गाडी हायवेले आणता काय, म्हणून त्यानं मलाच झापलं, मी ड्रायव्हर आहे समजून.

तिथल्या बाकड्यावर ताईंनी सांगितलं की बाबा जिनिंगमध्ये, म्हणजे कापसाची सरकी काढायच्या कारखान्यात, फिटर होते. मशीनच्या अंगावर हात ठेवून कुठं बिघडलं ते सांगायचे. म्हणजे ते दार बडवत होते ते त्रासानं नव्हे, सांगायला. गाडीत बसत नव्हते तेही त्यामुळंच. आणि मी इकडं अर्थिंग घासत बसलेलो. आमच्याकडं गाडी आली की आवाज डेकचाच असणार, हे आम्ही धरूनच चालतो.

इथपर्यंतचा उलगडा होतो. चाकाचा आवाज दारातून येतो, माणसाला वाटतं स्पीकरमधून येतोय. पण आम्ही थांबलो तेव्हा चाक फिरत नव्हतं. भाऊ म्हणाले, बाजूनं ट्रक गेला असंल, त्याच्या हादऱ्यानं थरथरला असंल, घाबरट आहेस तू. असेलही. पण ट्रक येतो आणि निघून जातो. ती थरथर एकसारखी होती, बाबांनी हात ठेवेपर्यंत.

बेरिंग बदललं. अकोला पुन्हा सुरू झालं. बाबा आता आपणहून दार उघडून बसतात. पण त्या दिवसानंतर एक शब्द बोललेले नाहीत.

परवा ताई दुकानात आल्या, बाबा गाडीतच होते. भाऊ काउंटरवरून उठेपर्यंत ताई थांबल्या, मग हळू आवाजात मला म्हणाल्या,

"दादा, तो आवाज परत आणता येते काय?"

त्यांना नाही म्हणायचं माझ्याच्यानं झालं नाही. फिल्टर काढला, अर्थ ढिली केली, दोन्ही वायरी एकत्र बांधल्या. कुणाच्या गाडीत जे होऊ नये म्हणून आम्ही मरमर करतो, ते सगळं हातानं केलं. इंजिन चालू करून रेस दिली. चांगली मोठी शिट्टी आली.

बाबांनी स्पीकरवर हात ठेवला. डोळे मिटून थोडा वेळ तसाच ठेवला. मग हात काढून घेतला, माझ्याकडं बघितलं आणि मान हलवली. हा नाही.

म्हणजे तो आवाज कोणता होता, ते त्यांना माहीत आहे. मला अजून माहीत नाही, आणि त्यांना सांगता येत नाही.