दाजींनी मिटून दिलेला चाकू

"काप की रं मुडद्या, काप त्ये दावं," चुलती ओरडत होती. "डोळं पांढरं केलं तिनं, आन् तू त्या चाकूसंगं काय ख्योळतुयास?"

मी खेळत नव्हतो. चाकू उघडत नव्हता.

चुलतीची म्हैस गोठ्याच्या मागच्या कडेवरून घसरली होती. मागचं धड उकिरड्याच्या खड्ड्यात आणि मान वर दाव्याला टांगलेली. दावं नायलॉनचं. पूर्वीचं केकताडाच्या वाखाचं दावं असतं तर एवढ्या वजनानं कधीच तुटलं असतं. नायलॉन तुटत नाही, त्याची गाठ ताणली की दगड होते. म्हैस हिसका देईल तसा फास आवळत होता आणि तिच्या नरड्यातून बंद पडत चाललेल्या इंजिनासारखी घरघर येत होती. चुलता गेल्यापासून चुलतीचं चहापासून गोळ्या-औषधापर्यंत सगळं त्या म्हशीवर चालतं. मला तिनं उभ्या जन्मात जेवलास का म्हणून विचारलं नाही. म्हशीला रोज विचारते.

"विळा कुठं हाय, काकू?"

"रानात. वैरणीच्या भाऱ्यात खवलाय."

माझा कोयता घरी, आणि घर गल्लीच्या पार त्या टोकाला. बायको तिकडं पळाली होती. ती येईपर्यंत म्हैस राहत नाही, हे कुणालाही दिसत होतं. शेजारी चार माणसं उभी होती आणि चौघांचे खिसे रिकामे, कारण गल्लीत कुणी चाकू बाळगतच नाही. माझ्याकडं आहे ना. युरियाच्या पोत्याची शिवण उसवायची, हाक मला. ठिबकची नळी कापायची, हाक मला. मेंढराच्या खुरात बाभळीचा काटा मोडला, मला. औंधच्या यात्रेत घेतलेला घडीचा चाकू तो, बोटभर पात्याचा. त्यानं मी ऊस सोललाय, प्लग खरवडलाय, बोअरच्या केबलीची टोकं सोललीत. एकदा उसाच्या कडेला पेरू कापत बसलो होतो तर समोर बिबट्या. त्यानं चाकूकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं आणि आल्या पावली परत गेला. मी चार दिवस आंघोळ केली नव्हती म्हणून गेला, असं बायको सांगते. तिचं तिच्यापाशी.

तर असला हा चाकू, आणि त्याचं पातं हलायला तयार नाही. नखाच्या खाचेत नख घातलं, नख उलटलं. दुसरं घातलं, तेही गेलं. मूठ हाताला चिकटायला लागली तेव्हा मी बोट चाटलं, आणि माझं डोकं असं तापलं की त्यावर भाकरी भाजली असती. बोट गोड लागत होतं.

गूळ. सांध्यात गच्च भरलेला, रात्रभर थंडीत वाळून कडक झालेला गूळ.

आदल्या दिवशी दाजींना, म्हणजे माझ्या बहिणीच्या नवऱ्याला, आमच्या शिवारातल्या गुऱ्हाळावर नेलं होतं. कोरेगावहून पाव्हणा आलाय, काहिलीतनं नुकताच ओतलेला गूळ खायला घालावा. दाजींनी हात पुढं केला, "पाव्हणं, चाकू द्या जरा." दाजींना नाही म्हणायची आमच्यात पद्धत नाही. त्या माणसानं वाफाळत्या गुळात माझा चाकू मुठीपर्यंत घातला. गोळे काढून खाल्ले. पुन्हा घातला. आणि मग तसाच, न पुसता, न धुता, खटकन मिटून माझ्या हातात दिला. वर ढेकर. मीही घेतला आणि खिशात टाकला, कारण दाजींनी दिलेली वस्तू त्यांच्यासमोर उघडून तपासणं बरं दिसत नाही.

आणि आता ते कुठं होते? तिथंच. खड्ड्याच्या कडेला, हात मागं बांधून. शेजारी बहीण.

"पाव्हणं," दाजी म्हणाले, "जरा आपटून बघता का?"

बहिणीच्या नवऱ्यावर रागवायची आमच्याकडं सोय नाही. त्यानं तुमचं घर पेटवलं तरी आधी विचारायचं, दाजी, हात भाजला नाही ना? म्हणून मी चाकूवर आणि त्यात भरलेल्या गुळावर ओरडलो. नायलॉन शोधून काढणाऱ्यावर ओरडलो. चुलतीवर ओरडलो, तिनं त्याहून मोठ्यानं मला परत दिलं. आणि शेवटी दुसरं काही सुचेना तेव्हा चाकू तोंडात घातला.

व्हय, तोंडात. गूळ विरघळायला गरम ओल पाहिजे आणि चुलीवरचं पाणी तापेपर्यंत म्हशीचं दहावं आलं असतं. म्हैस मरतीय, गल्ली जमलीय, आणि मी मधोमध उभा राहून चाकू चोखतोय.

"काय रं," भिंतीवरनं शेजारी म्हणाला, "गूळ केमिकलचा हाय का बिनकेमिकलचा?"

त्याला उत्तर द्यायला तोंड मोकळं नव्हतं. मी पात्याचा मागचा काठ दाढेत धरला, मूठ दोन्ही हातांनी धरली आणि ओढलं. दाढेचा तुकडा उडाला, त्याचा आवाज कुंडलच्या बाजारात गेला असणार. जीभ कापली. पण पातं उघडलं. मी दाव्यावर पडलोच. पातं तारेसारख्या ताणलेल्या नायलॉनवर टेकवलं मात्र, ते फटाक्यासारखं तुटलं आणि म्हैस अख्खी उकिरड्यात कोसळली. सगळे शेणानं न्हाले. दाजी सोडून. ते आधीच मागं सरकले होते.

म्हैस हलेना. चुलती शेणात गुडघ्यावर बसली, तिनं फास सैल केला आणि म्हशीच्या नाकपुडीवर हात धरून गप्प राहिली. तिला गप्प बसलेली मी पहिल्यांदा बघितली. मग म्हशीनं असं फुरफुरून नाक सोडलं की चुलतीचं तोंड भरलं. चुलतीनं ते पदरानं पुसलं, आणि मग रडली.

तिचं रडणं बघितलं आणि माझा तोल सुटला. तोंडातनं रक्त आणि गूळ एकत्र गळत होता, तसाच मी वळलो.

"दाजी, तुमी माणूस हाय का काय हाय? पुसायला प्यांट हुती. गवत हुतं. उसाचं पाचट हुतं, आक्खं रान पसरलं हुतं त्याचं. काय न्हाई तर माझा सदरा हुता, त्याला पुसला असता तरी मी काय बोललो नसतो. म्हातारीची म्हस गेली असती तर कोरेगावास्नं दुसरी आणून बांधणार हुता का हितं?"

बहिणीनं पदर खोचला, आमच्या घरी जाऊन पिशवी भरली आणि गाडीवर दाजींच्या मागं बसली. चुलीवर मटण शिजत होतं. दोघं न जेवता गेले.

बायको कोयता घेऊन आली ती थेट माझ्यावरच. "पोरगी म्हायेरातनं उपाशी गेली," ती म्हणाली. "आता मटण तुमीच खा, त्या तोंडानं." त्या तोंडानं पाणीसुद्धा पिता येत नव्हतं. मला दाजींचा राग होताच, आता मटणाचाही आला. चुलती संध्याकाळी येऊन म्हैस चारा खायला लागल्याचं सांगून गेली, आणि जाताना तीही म्हणाली, "दाजींना फोन कर. असं बोलत्यात व्हय पाव्हण्याला?" जिच्या म्हशीसाठी मी दाढ घालवली, ती.

शेवटी केला. माफी मागायला नाही, हे बायकोला आधीच सांगितलं.

"दाजी, म्हस उठली. तेवढं सांगायला केला."

"बरं झालं."

"ताईला सांगा, राग धरू नगंस म्हणावं."

"सांगतो."

एवढ्यावर ठेवायला पाहिजे होता. पण दाढ ठणकत होती. "आन् दाजी, त्यो चाकू. मिटायच्या आदी पुसायचा असतोय, माझं म्हणणं येवढंच हाय."



"आमी विळा वापरतो," दाजी म्हणाले. "त्यो मिटत न्हाई."