भागीरथीबाई उतू चालल्या

उत्तरा जोगळेकरच्या डोंबिवलीतल्या दोन खोल्यांत एकही वस्तू नवी नव्हती, आणि बाईला त्याची कणभर लाज नव्हती. उलट तोराच होता! लढाई संपली, कल्याणच्या लष्करी छावणीतलं सामान विकायला निघालं, तेव्हा बाकीच्या बायका नाकं मुरडत लांब उभ्या राहिल्या. ही पठ्ठी मात्र दारूगोळ्याची भक्कम लाकडी पेटी घेऊन आली. सुताराकडून आत खण पाडून घेतले, भिंतीला टेकवली, झालं मसाल्यांचं फडताळ. बघणाऱ्याला वाटावं, मुद्दाम करवून घेतलंय. अहो, डोळे सगळ्यांनाच असतात, नजर एखादीलाच.

पण तिचा खरा जीव भांड्यांवर. कल्याणच्या बाजारात सहदेवचं मोडीचं दुकान होतं. तिथे तांब्यापितळेच्या ढिगाऱ्यात ती पदर खोचून बसायची, एकेक भांडं टिचकीने वाजवून बघायची. पसंत पडलं की सहदेव विचारायचा, "वहिनी, नाव काढून देऊ?" कारण जुन्या भांड्यावर कुणाचं तरी नाव घातलेलं असायचंच. लग्नात आईने दिलेलं, नाहीतर बारशाला मावशीने.

"खबरदार हात लावशील तर," उत्तरा म्हणायची. "भांडं गेलं बिचारीचं. नाव तरी राहू दे."

त्याचा परिणाम काय झाला, सांगू? त्या घरात भांड्यांना नावानेच हाक मारायला लागले. दुधाचं पातेलं म्हणजे भागीरथीबाई. आमटीचं पातेलं म्हणजे गोदूताई. कळशी म्हणजे यमुनाकाकू. "गोदूताईंना कल्हई करायला झालीय," "यमुनाकाकू कमरेत चेपल्या" असं सारखं चाललेलं. शेजारणी हसून हसून बेजार व्हायच्या.

नवरा मात्र हसत नसे. सुधीर ठाण्याच्या कचेरीत कारकून, आणि त्याच्या डोक्यात एकच काळजी, धाकटी बहीण शुभदा. तिला चोविसावं सरत आलेलं. दोन स्थळं बघून गेली होती. दुसऱ्यांनी तर निरोपच धाडला होता, "घर आहे की जुना बाजार?" हे असलं बोलणाऱ्यांच्या जिभेला काही हाड आहे का! शुभदा त्या दिवशी जेवली नव्हती.

आता तिसरं स्थळ येत होतं, ठाण्याच्या आठल्यांचं. मुलगा बाळ, शाळेत मास्तर. शुभदाने त्याला एकदा वाचनालयात पाहिलं होतं. तो तिला मनापासून आवडला होता. हे फक्त वहिनीला ठाऊक होतं.

"एक दिवस तुझ्या त्या सगळ्या बायका पोत्यात घाल," सुधीर म्हणाला. "शेजारून कपबशा आण. हात जोडतो तुला."

शुभदाकडे बघून उत्तराने मुकाट्याने ऐकलं. सगळी भांडी खाटेखाली गेली. पण दूध काय बशीत तापवणार? भागीरथीबाई तेवढ्या चुलीवर राहिल्या.

पाहुणे आले. बाळ, त्याचे काका, आणि मुलाची आई मंदाकिनीबाई. बाई तशा अबोल, कपाळ कोरं, बसणं ताठ. पोहे आवडलेले दिसले. गोष्टी गावाच्या, नात्यागोत्याच्या निघाल्या. सुधीरचा चेहरा जरा सैल पडला. तेवढ्यात स्वयंपाकघरातून दुधाचा वास आला आणि उत्तरा सवयीने ओरडली, "अगं शुभा, भागीरथीबाई उतू चालल्या! उतरव त्यांना!"

बाहेर पोह्यांचे घास हातातच राहिले.

"भागीरथीबाई कोण?" मंदाकिनीबाईंनी विचारलं.

"आत्या," सुधीर घाम पुसत म्हणाला. "माझ्या लांबच्या आत्या."

"मग उतू चालल्या म्हणजे?"

"म्हणजे... राग लवकर येतो त्यांना."

आणि आतून शुभदाचा आवाज, "वहिनी, उतरवल्या गं! पण बूड करपलं त्यांचं!"

बाळ खाली मान घालून खोकायला लागला. मंदाकिनीबाई मात्र उठल्याच. "घरात वडीलधारी बाई आहे आणि आम्ही इथे पोहे खातोय? मला भेटलंच पाहिजे." त्या थेट स्वयंपाकघरात. मागोमाग उत्तरा.

आत शुभदाशिवाय कुणी नव्हतं. ती पांढरीफटक पडून उभी. "कुठायत आत्या?" मंदाकिनीबाईंनी विचारलं.

आत्या शेजारी गेल्यात म्हटलं असतं तर निभावलं असतं. तोंडावर आलंही होतं उत्तराच्या. पण आजपासून या पोरीने सासूशी खोटं बोलत राहायचं? छे! तिने सांडशीने पातेलं उचललं आणि पुढे धरलं. "ह्या. सगळं घर मोडीतून आणलंय मी. हे त्यातलंच."

मंदाकिनीबाईंनी वाकून अक्षरं वाचली. सौ. भागीरथी विष्णु पोंक्षे. "नाव का नाही काढलंस?"

"तिची अडचण होती म्हणून भांडं माझ्याकडे आलं. त्यावर तिचं नावही मीच पुसायचं? मला नाही जमत."

मंदाकिनीबाई पुन्हा त्या अक्षरांवर वाकल्या. शुभदाच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. संपलं सगळं, असंच तिला वाटलं. उत्तराने पातेलं खाली ठेवून तिचा हात घट्ट धरला. स्वतःचा राग राग आला तिला.

"ह्यांच्या आजारपणात माझी भांडी गेली," मंदाकिनीबाई हळू आवाजात म्हणाल्या. "दुकानदाराने माझ्यादेखत नावावर कानस घातली. भांड्यांचं नाही गं मला इतकं लागलं. मी पायरी उतरेपर्यंत तरी थांबायचं होतं त्याने."

मग त्यांनी शुभदाला जवळ ओढलं आणि स्वतःच्या पदराने तिचं तोंड पुसलं. "रडू नकोस. बाळला तू पसंत आहेस, मलाही आहेस."

उत्तराने वाकून नमस्कार केला.

"आणि विहिणीचा मान म्हणून मला लुगडं नको," मंदाकिनीबाई म्हणाल्या. "एक पातेलं द्या. जुनं चालेल. त्यावर माझं नाव घाला. घालणाऱ्याला म्हणावं, खोल घाल."