राकेश दरवेळी मरतो

अहवालात आम्ही दरवर्षी एकच ओळ लिहितो, 'कार्यक्रम उत्साहात पार पडला.' खरं काय झालं ते त्या ओळीत मावत नाही, म्हणून ते माझ्या डोक्यात साठत जातं. गडचिरोली जिल्ह्यातल्या आमच्या कॉलेजात एचआयव्हीबद्दल मुलांनीच मुलांना समजावून सांगायचा एक क्लब आहे. मी त्याची सेक्रेटरी. म्हणजे भोग माझे!

*

आधी प्रश्नपेटी ठेवली. "नाव लिहू नका, मनातलं विचारा," असं वर्गावर्गात ओरडून आले. आठवड्याने उघडली, तर बहुतेक चिठ्ठ्यांत एकच प्रश्न, सर्टिफिकेट कधी भेटते? एकच चिठ्ठी कामाची निघाली. मच्छर चावल्यानं एचआयव्ही होते का? मी खूश! खाली लिहिलं होतं, 'कृपया माझं नाव गुप्त ठेवावे. आपला सूरज, बी.ए. दुसरं वर्ष, रोल नंबर चौदा.'

*

मग पोस्टर. प्राचार्य सर भला माणूस. पोस्टर पाहून त्यांनी घाम पुसला आणि म्हणाले, "जनजागृती जोरात करा. फक्त त्या विषयावर बोलू नका!"

कंडोमच्या चित्रावर त्यांनी क्रीडा महोत्सवाची नोटीस लावली. दुसऱ्या दिवसापासून पोरं रांगेनं येऊन नोटीस उचलून पाहायला लागली. आमचं कुठलंही पोस्टर कधी इतकं वाचलं गेलं नव्हतं.

*

खरा वैताग पथनाट्याचा. दवाखान्यात पेशंटला समजावणाऱ्या दिदी आल्या आणि मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "प्रज्ञा, नाटकात पेशंटले मारू नका. माह्या एका पेशंटनं गोळ्या सोडल्या. म्हणते, मरायचंच हाये तर खाऊ कायले? रोज गोळी घेतली तर माणूस जगते, एवढंच दाखवा."

साधी गोष्ट. पण पेशंट व्हायला कोणी तयार होईना. "माह्यं लगन कसं जमंन?" हे प्रत्येकाचं उत्तर. शेवटी राकेश तयार झाला. त्याचा मामा झाडीपट्टीच्या नाटकांत काम करतो, त्यामुळे अभिनय घरचाच. त्याची अट एकच होती.

"मले मराले भेटंन तं करतो."

"मरायचं नाही!" मी सांगितलं. त्यानं मान हलवली आणि कॉलेजच्या पहिल्याच प्रयोगात पाच मिनिटं तडफडून मेला.

"अबे, काऊन मेला?"

"मेल्याशिवाय पब्लिक रडत नाई, प्रज्ञा."

*

दुसरा प्रयोग बसस्टँडवर. आता मी गोळीचा प्रसंग शेवटी टाकला. गोळी घ्यायची, कुऱ्हाड खांद्यावर टाकायची, कामाला जायचं. नाटक संपलं! राकेशनं गोळी घेतली, कुऱ्हाड उचलली, छातीवर हात ठेवला आणि मेला.

शेजारी एक म्हातारे भाऊ उभे होते. बायकोला म्हणाले, "पाह्य, मी म्हणत होतो ना. गोळीनंच मेला."

मी त्या दिवशी रडले. रागानं!

*

तिसरा प्रयोग कुरखेड्याकडच्या एका गावात, कॉलेजच्या तीन दिवसांच्या शिबिराच्या शेवटच्या संध्याकाळी. दिदींचा सकाळी फोन आला होता. गोळ्या सोडलेला तो माणूस त्याच भागातला. नाव त्या सांगणार नव्हत्या, पण तो नाटक पाहायला येईल असं त्यांना वाटत होतं. मी हे राकेशला सांगितलं. त्यानं आईची शपथ घेतली.

सगळं गाव गोल बसलं होतं. ढोलकी वाजत होती. गोळी झाली, कुऱ्हाड खांद्यावर आली. राकेशनं एवढं पब्लिक पाहिलं आणि त्याचा हात छातीकडे गेला. मी डोळे मिटून घेतले. धप्प!

बाया पदरानं डोळे पुसायला लागल्या. कोणीतरी म्हणालं, "असंच होते बाबा."

तेवढ्यात कमलबाई उठल्या. तीन दिवस आमचा स्वयंपाक त्याच करत होत्या. हातात भात ढवळायचा सराटा तसाच घेऊन त्या रिंगणात आल्या, राकेशच्या डोक्याशी उभ्या राहिल्या आणि सगळ्या गर्दीवरून एकदा नजर फिरवली.

"बारा वर्षं झाले, मी ह्याच गोळ्या खाऊन राह्यली," त्या म्हणाल्या. "मी मेली का?"

ढोलकी थांबली होती.

"ऊठ रे बेटा. भात थंडा होऊन राह्यला."

राकेश उठला. त्या दिवशी जेवताना त्यानं दोनदा भात मागून घेतला.