चुन्याच्या रेघांचं घर

दादा गेल्यापासून आमच्याकडे बसायला येणारा प्रत्येक जण त्याचा एखादा किस्सा सांगूनच उठतो. घरात आता भांड्यांपेक्षा किस्से जास्त झालेत. आई म्हणते, "लिहून ठेव बाप्पा, नाईतर मी विसरून जाईन." मी सातवी नापास. आणि आई काहीही विसरणार नाही, हे मला माहीत आहे. मी कोणाच्या अंगावर धावून न जाता एका जागी बसावं, एवढंच तिला हवं आहे. म्हणून लिहितो.

वसंतादादा चंद्रपुरात लाकूड डेपोवर हमाली करायचा. आमची मातीच्या घरांची वस्ती पाडून नवी घरं बांधायचं ठरलं, तेव्हा शहराच्या नियोजन समितीत वस्तीतर्फे त्यालाच पाठवलं. समितीपुढे दोन प्रस्ताव होते. एक, शहराबाहेर मूल रोडला बैठी घरं. दुसरा, इथंच चार मजली इमारत. कामं सगळ्यांची इथंच, म्हणून वस्तीला इमारत हवी होती. दादालाही हवी होती. तो अडला फक्त जिन्यावर.

*

पहिल्याच मीटिंगमध्ये इंजिनियर साहेबांनी टेबलावर नकाशा पसरला. साहेब पुण्याचे, बोलणं हळू. दादानं बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, "यात माही आई कुठी झोपन?"

साहेबांनी खोलीत पेन्सिल आडवी ठेवली. "इथे."

"अन् मी, बायको, पोरगी, लहान भाऊ?"

साहेब पेन्सिली ठेवत गेले. शेवटची पेन्सिल माझी. ती दाराबाहेर गेली!

दादा म्हणाला, "बरोबर आहे साहेब. तो तसाही बाहेरच राह्यते."

*

नकाशा वस्तीत कोणालाच समजेना. मग दादानं चुन्याचं पोतं आणलं. "कागदावर काऊन? जमिनीवरच काढा न!" साहेब टेप घेऊन आले आणि वस्तीसमोरच्या मैदानात घर खरोखरच्या मापानं आखलं. दार, खोली, स्वयंपाकघर, आणि रस्त्याच्या बाजूला जिना, त्याच्या वळणासकट.

दुसऱ्या दिवशी सोनाबाई आजी पाण्याची गुंडी घेऊन सरळ त्यातून चालली. खोलीच्या रेघांत पोरं बसली होती. पोरं ओरडली, "आजी, भिंतीतून आली तू!"

आजी थांबली. मागं फिरली. वळसा घालून दाराशी आली, हवेतली कडी वाजवली आणि म्हणाली, "आता येऊ का?"

त्या दिवसापासून त्या रेघांवर कोणी पाय दिला नाही. घाईत असलेला माणूसही दारातूनच जायचा. फक्त बकऱ्या ऐकत नव्हत्या. त्यांच्या मालकांना शिव्या बसायच्या, "दुसऱ्याच्या घरात काऊन सोडतं रे?"

*

समिती पाहणीला आली, तेव्हा दादानं डेपोतून बांबूची शिडी आणली. जिन्याच्या रेघांत ती ठेवली आणि तिच्यावर उताणा झोपला.

"उचला!"

अध्यक्ष साहेब इंजिनियर साहेबांकडे पाहायला लागले. शेवटी दोघं पुढून, दोन मेंबर मागून, असं त्याला खांद्यावर घेतलं. वळणावर आले आणि सगळी वस्ती ओरडली, "भिंत लागली! भिंत लागली!" मागं घेतलं, तिरपं केलं. पुन्हा भिंत. अध्यक्षांना धाप लागली.

इंजिनियर साहेब म्हणाले, "जरा उभं करा त्यांना."

वरून दादा म्हणाला, "मेलेला माणूस काऊन उभा राहीन, साहेब?"

वस्ती पोट धरून हसली. मीही हसलो. आई एकटी हसली नाही. "उतर खाली," ती म्हणाली. "जितेपणी असं झोपू नये."

*

पुढच्या मीटिंगला मी बाहेर व्हरांड्यात होतो. आत साहेब समजावत होते, "जिना रुंद केला तर प्रत्येक स्वयंपाकघर हातभर कमी होईल. आणि असा प्रसंग रोज येतो का?"

मी खिडकीतून ओरडलो, "तुमच्या घरी येऊ द्या, मंग सांगा!"

अध्यक्षांनी विचारलं, "हा कोण?"

"माहा लहान भाऊ," दादा म्हणाला. "नकाशात बसत नाई तो हाच."

हसले सगळे. मग साहेबांनी सरळ विचारलं, "वसंतराव, बाकी सगळं मान्य केलंत. जिन्यासाठीच एवढं का अडता?"

तेव्हा त्यानं आबांचं सांगितलं. आमचे आबा वारले तेव्हा आम्ही भाड्याच्या खोलीत, वरच्या मजल्यावर होतो. तिरडी जिन्यात वळेना. शेवटी आबांना चादरीत बांधलं आणि दादानं पाठीवर घेऊन एकट्यानं खाली आणलं. खाली आल्यावरही तो कितीतरी वेळ वाकलेलाच होता.

"डेपोत सागाच्या लाकडालेही चार खांदे भेटते, साहेब," दादा म्हणाला. "माह्या बापाले एकच भेटला."

निर्णय सोमवारवर गेला.

*

शनिवारी वारा सुटला. रेघा पुसट झाल्या म्हणून दादा भर दुपारी, मे महिन्याच्या उन्हात, चुना घेऊन मैदानात बसला. मी म्हटलं, "संध्याकाळी कर न." तो म्हणाला, "सोमवारी लोकं पाहाले येतीन." त्याला ऊन लागलं. दिवस मावळायच्या आत तो गेला.

रविवारी सकाळी इंजिनियर साहेब आले. दारात चपला काढल्या त्या परत घातल्याच नाहीत. तिरडीला पुढून एका बाजूनं मी, दुसऱ्या बाजूनं साहेब. त्रिशरण म्हणत निघालो. मैदानात आलो. मला काही दिसत नव्हतं, मी सरळच चाललो होतो.

मागून सोनाबाई आजीचा आवाज आला, "दारातून ने बाप्पा, दारातून!"

मी वळलो. दारातून आत गेलो. खोली झाली, स्वयंपाकघर झालं, जिना आला. वळणावर पुढं चुन्याची रेघ. कालच त्यानं ओढलेली, पांढरी फेक. मी ओलांडायला पाय उचलला.

"थांब," साहेब म्हणाले.

खांदा न हलवता त्यांनी अनवाणी पायानं ती रेघ पुसली. मग टाचेनं हातभर पलीकडे, स्वयंपाकघरात, नवी रेघ ओढली.

"आता घ्या," ते म्हणाले.

आम्ही दादाला वळवलं. कुठंही भिंत लागली नाही.