शिंगाची कडी

दाजी गेले, हा निरोप मला कुर्डुवाडीच्या कारखान्याच्या फाटकात मिळाला. डोंगरावरून त्यांचा मेंढका आला होता, दोन दिवस पायी. बाजारातलं काही न घेणाऱ्यांच्या घरून आगगाडीचं तिकीट कोण काढणार! "तुमचं दाजी गेलं. ताप आला अन् तिसऱ्या दिशी गेलं," एवढं बोलून तो घटाघटा पाणी प्यायला. मला रडू आलं नाही. येईल म्हणून थोडा वेळ थांबलो, पण कसलं काय… त्याला आता दीड महिना झाला. तेवढ्यात वर्तमानपत्राच्या या पुरवणीत त्यांच्यावर दोन लेख छापून आले, 'डोंगरावरचा स्वयंपूर्ण संत' वगैरे, आणि मेहुणा या नात्यानं मीही दोन शब्द लिहावेत अशी चिठ्ठी आली. लिहितो. गोड लागणार नाहीत.

बार्शीच्या पुढं डोंगर चढून गेलं की जो माळ लागतो, तिथं दाजींची वस्ती. माझी थोरली बहीण, आक्का, त्या घरात दिलेली. दाजींचा बाणा एकच: बाजारातून काही आणायचं नाही. ज्वारी घरची, करडईचं तेल घरचं, अंबाडीचे दोर घरचे, मेंढरांच्या लोकरीची घोंगडी घरची. काडेपेटीसुद्धा नाही, चूल विझली की आक्कानं चकमक झाडत बसायचं. मीठ काही माळावर पिकत नाही, म्हणून वर्षाला एक कोकरू देऊन ते घ्यायचे आणि वर सांगायचे, "इकत घेतलं न्हाय, बदलून घेतलं." वा रे वा! लोकर कातायला आक्का, दोर वळायला दोन्ही पोरी, करडई कांडायला पुन्हा आक्काच. आणि स्वयंपूर्ण कोण, तर बांधावर बसून मिशीला पीळ देणारे हे एकटे. त्या दोन लेखांत पोरींचं नावसुद्धा नाही.

आक्का लग्नात हिरवा चुडा भरून डोंगरावर गेली होती. काचेच्याच बांगड्या त्या. जात्यावर, शेणात, मोळी उचलताना एकेक फुटत गेल्या. तिनं कासाराचं नाव काढलं तेव्हा दाजी म्हणाले, "काच माळावर पिकती व्हय? मग कशाला पायजे?" पण सवाष्णीनं मोकळ्या हातानं राहायचं नसतं, हे त्यांनाही ठाऊक. मग त्यांनी मेंढ्याचं शिंग चिरलं, दोन पट्ट्या तासल्या, उकळत्या पाण्यात मऊ केल्या आणि गरम असतानाच तिच्या मनगटांवर वळवून दाबून धरल्या. निवल्यावर पट्ट्यांची कडी होऊन शिंग आवळून बसलं. कातडी भाजली ती वेगळीच. "जल्मात फुटायची न्हाईत," म्हणाले. केवढी ती ऐट!

मी तेव्हा नुकताच नोकरीला लागलो होतो. संक्रांतीला सोलापुरात गड्ड्याच्या जत्रेतून डझनभर हिरव्या बांगड्या घेतल्या आणि डोंगर चढलो. आक्कानं पुडी सोडली, कानाशी नेऊन वाजवून बघितली. "लई ग्वाड वाजत्यात रं," म्हणाली. तेवढ्यात दाजी आले. ओरडले नाहीत, ते कधीच ओरडत नसत, तोच तर खरा जाच. पुडी उचलून त्यांनी माझ्या हातात दिली. "पावनं, जेवा, ऱ्हावा. पर ह्ये खाली घिऊन जावा." आणि मी घेऊन आलो! कारखान्यात मुकादमाशी दोन हात करणारा मी, शेपूट घालून उतरलो आणि ती पुडी ट्रंकेच्या तळाशी टाकली.

पुढं स्वदेशीच्या दिवसांत शहरातली बडी मंडळी धापा टाकत वर आली. सभा झाली. एका गृहस्थांनी आक्काला हात पुढं करायला लावले. "बघा, विलायती काचेला या माउलीनं लाथ मारली!" टाळ्यांचा कडकडाट. माउलीला कुणी काही विचारलं नाही. टाळ्या मीही वाजवल्या, लपवत नाही.

दाजींच्या दहाव्याला बायका आक्काच्या बांगड्या फोडायला बसल्या. हात दगडावर, वरून दुसऱ्या दगडाचे घाव. शिंग कशाला फुटतंय! "अगं, मनगाट मोडंल की तिचं," एक म्हातारी ओरडली. रक्त आलं तेव्हा थांबल्या. मी दारात उभा होतो आणि मनात दाजींना नको ते बोलत होतो.

तेराव्यानंतर मी तिला कुर्डुवाडीला आणलं. दुसऱ्या दिवशी सकाळीच ती माझ्या बायकोला म्हणाली, "इंदू, सोसंल येवढं कडत पानी दे की घंगाळात." दोन्ही हात बुडवून बसली. पाणी निवलं की आणखी ओतायला लावी. बऱ्याच वेळानं कडी सैल पडली, तिनं ती बोटांनी फाकवून काढली आणि फरशीवर ठेवली. मनगटांवर पांढरे पट्टे, त्यांत भाजल्याचे जुने डाग.

"आक्का, हे तुला ठाऊक होतं?"

"व्हय की. कवाधरनं."

"मग इतकी वर्षं काढली का नाहीस?"

"काढून मग काय घालू? उगड्या हातानं हिंडू?"

मी उठलो, ट्रंक उघडली, ती पुडी तिच्यापुढं ठेवली. विधवेनं काच घालू नये हे मला शिकवायला कुणी येऊ नये. शिकवणाऱ्यांचा दगड मी बघितला आहे. "त्याच व्हय रं ह्या?" तिनं विचारलं. माप तिच्या तरुणपणीच्या हाताचं, आणि हात आता राबून रुंद झालेले. इंदूनं तेल लावलं, बोटं आवळली, तरी नऊ बांगड्या घालता घालता फुटल्या. नवरा गेल्यावर फुटायच्या असतात, त्या फुटल्या. तीन चढल्या.

कडी माझ्या टेबलावर पडून आहेत. संतांचं चरित्र लिहिणाऱ्यांनी खुशाल घेऊन जावीत, काचेच्या कपाटात मांडावीत. आत आक्का दळायला बसली आहे. आमच्याकडे पिठाची गिरणी दोन घरांवर आहे, पण ऐकेल तर ना! जातं फिरतं आहे, आणि त्या तिन्ही वाजताहेत.